नर सापडेपर्यंत

भर दुपारच्या कडक उन्हात हातातली छत्री उलटी धरून झाडाखाली उभा राहणारा माणूस वेडा असावा, असं आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला वाटायचं. जुन्यांना तसं वाटायचं नाही. जुन्यांची खात्री होती.

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, आमची तीन मजली बिल्डिंग होती. होती म्हणजे आता नाही. मागच्या भिंतीला लागून एक करंजाचं झाड. ना फळं खायची, ना फुलं देवाला वाहायची, अशा झाडाकडे कोण बघतंय? गाड्यांवर पाला पडतो म्हणून शिव्या घालायला तेवढे सगळे त्याच्याकडे बघायचे. तो छत्रीवाला माणूस, म्हणजे आमचे सर, मात्र रोज त्याच्याखाली. छत्री काळीच, पण आतून शिंप्याकडून पांढऱ्या कापडाचं अस्तर लावून घेतलेलं. ती उलटी धरायची आणि दुसऱ्या हातातल्या काठीने फांदीवर टोले द्यायचे. वर जे काही बसलेलं असेल ते टपाटप छत्रीत पडायचं. मग डोळ्याला भिंग लावून छत्रीत तोंड खुपसायचं. माझ्या आईने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडली, "सर, पावस खंयसून येतलो, जमिनीतसून?"

सर मान वर न करता म्हणाले, "वरूनच आलाय, वहिनी. या बघायला."

आई कसली जाते! तिला किड्यांची किळस.

सर आमच्या बरोबर खालच्या घरात राहायचे. उपनगरातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, एकटे. लग्न का केलं नाही हे आईने त्यांना एकदा तोंडावर विचारलं होतं. त्यांनी त्यावर मुंग्यांबद्दल काहीतरी लांबलचक सांगितलं आणि आईने पुन्हा विचारलं नाही. मी कॉमर्सवाली, विमा कंपनीत क्लेम बघायचे, म्हणजे आमचा एकमेकांशी काही संबंध येण्याचं कारण नव्हतं. पण शेजार असतो ना. त्यांचा गॅस संपला की चहा आमच्याकडून जायचा आणि आमचं लिंबू संपलं की मी त्यांच्या दारात.

"सर, लिंबू आहे का?"

"फ्रिजमध्ये दिसलं नाही."

"म्हणजे नाही ना?"

"तसं मी म्हटलेलं नाही. फ्रिजमध्ये दिसलं नाही, एवढंच मला माहीत आहे."

असं बोलणं! तापच. नुसतं 'नाही' हा माणूस कधी म्हणायचा नाही. आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी त्यांना चिडवायला विचारलं होतं, "मग सर, देव आहे का?" सर जराही विचारात न पडता म्हणाले, "एकदाही सापडलेला नाही. एकदा जरी सापडला असता ना, तरी अंदाज बांधता आला असता." काका हसत सुटले, आणि सर मात्र काका का हसतायत म्हणून त्यांच्याकडे बघत राहिले.

पृथ्वीवर किती प्रकारचे जीव राहतात हे कुणालाच माहीत नाही, ह्या एका गोष्टीचा ह्या माणसाने आयुष्यभर त्रास करून घेतला. कुणी काही लाख म्हणतं, कुणी काही कोटी. सर म्हणायचे, "चंद्र किती लांब आहे ते सांगतात. आणि आपल्याच घरात आपल्याबरोबर कोण कोण राहतं ते सांगता येत नाही. लाज वाटायला पाहिजे." पेपरात कधी ठाम आकडा छापून आला की ते भडकायचे. कुणीतरी एका झाडावरचे भुंगेरे मोजतं, मग त्याला जगातल्या झाडांच्या प्रकारांनी गुणतं, की झाला आकडा. "हा काय अंदाज आहे? हा मटका आहे," म्हणायचे.

त्यांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. एकदा रविवारी सकाळपासून ते गेटवर वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी भाजी घेऊन येत होते. मला थांबवून म्हणाले, "हे बघ, ह्या गेटातून एकूण किती वेगवेगळी माणसं येतात ते तुला काढायचंय. दिवसभर बसून राहिलीस आणि तेच तेच चेहरे परत दिसायला लागले, तर समज, बहुतेक सगळे बघून झाले. पण संध्याकाळ झाली तरी एकेकदाच दिसलेले नवे चेहरे येतच राहिले, तर?"

"तर काय? वॉचमनला झापायचं, कुणालाही आत सोडतो म्हणून."

"तर न दिसलेले अजून खूप आहेत," सर म्हणाले. "एकदाच दिसलेले मोजायचे. न दिसलेल्यांची खबर तेच देतात."

मी पिशवी खाली ठेवली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "आणि मग आपल्या करंजावर काय परिस्थिती?"

"जे सापडतं ते बहुतेक एकेकदाच," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की जणू घरातलं कुणी आजारी आहे.

पाय चालायचे तोवर ते आरेत जायचे, गोराईला जायचे, छत्री बगलेत मारून. गुडघे गेले तसं सगळं जग आक्रसून त्या एका करंजावर आलं. आणि त्याच करंजावर त्यांना तो सोंडकिडा मिळाला. तांदळात होतात ना, पुढे सोंड असलेले, त्याच घराण्यातला. तिळाएवढा, मातकट तपकिरी. मला भिंगातून दाखवला तेव्हा मी "छान आहे" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण सरांनी भिंग माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं. त्यांनी आयुष्यात असा पाहिला नव्हता. बंगळूरला त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, आख्ख्या देशात ह्या घराण्यातले किडे ओळखणारा तो एकच माणूस, असं सर सांगायचे. त्यांच्याकडे पाठवला. त्यांचा फोन आला. नवाच दिसतोय, ते म्हणाले, पण ही मादी आहे. ह्या किड्यांत एक प्रजाती दुसरीपेक्षा वेगळी आहे हे नराचे आतले अवयव कापून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. नर पाठवा. आणि मादी परत पाठवली.

झालं! त्या दिवसापासून नर. कित्येक वर्षं नर. फुलं आली की नर शोध, पालवी फुटली की नर शोध. ह्या माणसाने त्या झाडाला इतके टोले दिले की मला झाडाची दया यायची. त्या एका मादीला त्यांनी घर दिलं, टाचणीवर लावून, कापराची वडी घालून, छोट्या लाकडी पेटीत. पण नाव नाही. आणि नाव नाही तर जगाच्या मोजणीत ती नाही. सर म्हणायचे, "ती होऊन गेली याला पुरावा एक मी आणि एक तू." मी म्हणायचे, "सर, मला यात घेऊ नका."

मग रिडेव्हलपमेंट आलं. ते व्हायलाच हवं होतं, यात वाद नाही. आमच्या स्वयंपाकघरातला स्लॅबचा टवका एका सकाळी गॅसच्या शेगडीवर पडला. आई दोन पावलं मागे होती म्हणून वाचली. तिचे गुडघे इतके धरले होते की जिना उतरणं बंद. डॉक्टरकडे न्यायचं तर दोन माणसं बोलावून खुर्चीत बसवून खाली उतरवायला लागायचं. मला लिफ्ट हवी होती. सगळ्यांनाच काही ना काही हवं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या. सरांनी केली नाही. बिल्डरला एकही माणूस विरोधात नको होता. कोर्टकचेरी झाली तर तो दुसरीकडे जाणार, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

आमचा सेक्रेटरी चाळिशीतला, कायम घाईत, कानाला फोन. वाईट माणूस नाही. मीटिंगमध्ये त्याने हात जोडले. "सर, यार, असं नका ना करू. तुम्हाला नक्की काय पाहिजे ते तर सांगा. जास्त जागा पाहिजे?"

"नर पाहिजे," सर म्हणाले.

सगळा हॉल हसला. कुणीतरी मागून शिट्टी मारली. सर उभेच राहिले. म्हणाले, "झाड तोडलंत तर तो राहील की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या करंजांवर मी बघितलंय, मला दिसला नाही. नर सापडेपर्यंत थांबा. मग मी सही करतो."

"आणि नाहीच सापडला तर?"

"तर अजून सापडलेला नसेल."

सेक्रेटरीने कपाळावर हात मारला. आई वर बसली होती, तिला मी सगळं सांगितलं. तिने मांडीवरचं भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मेलो किडो मोठो झालो, मी न्हानगी झालंय." तिला लागलं होतं ते. मी खाली जाऊन सरांना तसंच्या तसं सांगितलं, कारण मला राग आला होता. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "वहिनींचं बरोबर आहे." पण सही नाहीच.

आयडिया सेक्रेटरीची. त्याने मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला: परदेशातल्या जंगलात शास्त्रज्ञ झाडाखाली कापड अंथरतात आणि औषधाचा धूर सोडतात, वरचं सगळं खाली. धावत आला सरांकडे. "सर, आपला पेस्ट कंट्रोलवाला आहे ना, मशीन घेऊन येतो. एका सकाळी काम खल्लास. नर, मादी, त्यांचे काका-मामा, सगळे खाली!"

सरांना ती पद्धत माहीत होती. त्यांनी ती जन्मात वापरली नव्हती. मला म्हणाले, "छत्रीत चार पडतात, उरलेले वर राहतात. हे म्हणजे कुणाच्या घरात किती माणसं आहेत बघायला घरच पेटवायचं." मी म्हटलं, "सर, घर तसंही पाडायचंच आहे." त्यांनी हातातली छत्री मिटून ठेवली. मग त्यांनी मला सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा खराब झाल्याचं सांगितलंय. नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडायला लागला होता. कडेकडेचं दिसायचं, जिथे बघायचं तेच दिसायचं नाही. भिंग लावून तिळाएवढं काही बघायचे दिवस थोडेच उरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरीला हो म्हणून कळवलं आणि एकच अट घातली: खाली अंथरायला पांढऱ्या चादरी.

आता मला सांगा, कुठल्या मराठी घरात शुभ्र पांढरी चादर असते? पांढरं कापड आपल्याकडे कधी अंथरतात ते सगळ्यांना माहीत आहे. रविवारी सकाळी प्रत्येक घरातून चादर आली, अगदी उत्साहाने, इस्त्री करून सुद्धा. मोराची, गुलाबाची, चौकटीची, कार्टूनची, आणि तपकिरी फुलांच्या तर किती! कुणाचीही चूक नव्हती. पाहुण्यांना घालतात ती चांगली चादर लोकांनी आणली होती. सर मध्ये उभे राहून ते सगळं बघत होते, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं. "ह्याच्यावर मला काय दिसणार?" ते एवढंच म्हणाले. पेस्ट कंट्रोलवाला मशीन पाठीला लावून तयार, त्याला पुढे दुसऱ्या सोसायटीत जायचं होतं.

वरून आईने हाक मारली. मी गेले तर तिने ट्रंक उघडली होती. बाबा गिरणीत होते आणि शनिवारी भजनाला जायचे. भजनाला नेसायची त्यांची दोन धोतरं आईने ते गेल्यावर धुऊन, घडी करून ठेवली होती. कुणाला हात लावू द्यायची नाही. ती माझ्या हातात ठेवून म्हणाली, "घेऊन जा. तेका बघूक तरी मिळांदे." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "जा गो, मशीनवालो जातलो."

झाडाच्या भर फांद्यांखाली ती दोन धोतरं अंथरली. धूर सुटला. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग आवाज यायला लागला, बारीक, तांदूळ निवडताना ताटात पडतात तसा. आणि पडतच राहिला. कोळी, मुंग्या, ढेकण्या, पतंग, हिरवे, काळे, सोनेरी, ज्यांना काय म्हणायचं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही असे. पाय हलवत पडत होते आणि थोड्या वेळाने हलायचे थांबत होते. मोरावर पडले, गुलाबावर पडले, बाबांच्या धोतरावर पडले. आधी पोरं ओरडत होती, "आयला, केवढे!" मग तीही गप्प झाली. ज्या झाडाला आम्ही रिकामं समजत होतो त्यावर एवढं गाव राहत होतं आणि आम्ही ते एका सकाळीत झोपवलं. सेक्रेटरीने फोन बंद करून खिशात घातला होता.

सर गुडघ्यांवर बसले. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघत, ओल्या ब्रशने एकेक उचलत होते. मी शेजारी बसून त्यांना हवा तसला मातकट दाणा दिसला की दाखवत होते. दुपार टळली तेव्हा धोतरावर सापडला. मग अजून काही. सरांनी घरी जाऊन भिंगाखाली तासभर घालवला, मी चहा घेऊन गेले तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून बसले होते.

"नर," ते म्हणाले. "आहे. होता."

संध्याकाळी त्यांनी सही केली. सेक्रेटरीने पेढे आणले. सरांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. त्या आठवड्यात करंजावर एक पक्षी फिरकला नाही. आईने बाबांची धोतरं पुन्हा पुन्हा धुतली, पण औषधाचा वास गेला नाही.

बंगळूरला फोन लावला तो मीच, स्पीकरवर. त्या गृहस्थांच्या सुनेने उचलला. छान बोलली बिचारी. म्हणाली, बाबा आहेत, तब्येतीने बरे आहेत, पण आता कुणाला ओळखत नाहीत. मला पण नाही. किड्यांच्या पेट्या दाखवल्या तर घाबरतात. सरांनी तिचे आभार मानले, फार वेळ मानले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "दुसरं कोण आहे सर, ओळखणारं?"

"शोधलं," ते म्हणाले. "मला सापडलं नाही."

"मग तुम्हीच द्या ना नाव! इतकी वर्षं तुम्ही बघताय, तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"तसं नाही चालत गं. परदेशात जुने नमुने ठेवलेत, त्यांच्याशी ताडून बघावं लागतं. एकाच किड्याला चार जणांनी चार नावं दिलीत असं कितीदा झालंय. मग एकाचे चार मोजले जातात. माझ्या हौसेने जगात एक खोटा वाढला तर?" त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "आधीच कमी गोंधळ आहे का?"

मला इतका राग आला त्यांचा! एवढं सगळं करून, आख्खं झाड मारून, हा माणूस दोन शब्द लिहायला तयार नाही. आणि रडूही आलं. मी कप उचलून वर गेले.

पावसाळ्याच्या आधी आम्ही सगळे पांगलो. झाड एका सकाळी कापलं, मी ऑफिसात होते. आम्ही पलीकडे मुलुंड पूर्वेला भाड्याने गेलो, सर जवळच एका खोलीत. वर्ष झालं, दोन झाली, नवी बिल्डिंग पायाच्या वर काही येईना. आई लिफ्टची वाट बघतेय, अजून बघतेय. सरांना आता माणसाचा चेहरा दिसत नव्हता, आवाजावरून ओळखायचे. भिंग त्यांनी कुणालातरी देऊन टाकलं. एक दिवस मला बोलावून ती लाकडी पेटी हातात दिली, आता त्यात मादीशेजारी नरही होता. "शहरात किड्यांचे नमुने सांभाळणारी ती संस्था आहे ना, तिथे दे. आज ना उद्या कुणीतरी येईल शिकलेला, बघेल. माझ्याकडे राहिली तर बुरशी लागेल." म्हणजे आता त्यांची सगळी आशा त्या पेटीत होती. मी अर्धी सुट्टी टाकून गेले.

तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली, आतल्या चिठ्ठ्या वाचल्या, जागा, झाड, तारीख, सगळं नीट आहे म्हणाल्या. पोच दिली. मग मला आत नेलं. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी कपाटं. त्यांनी एक उघडलं. आत पेट्या, एकीवर एक, सरांच्यासारख्याच. कुणीतरी कुठल्यातरी झाडाखालून, ओढ्यातून, शेतातून वेचून आणलेलं, टाचणीवर लावलेलं, बारीक अक्षरात गावाचं नाव लिहिलेलं. त्यांनी थोडी जागा केली आणि पेटी आत सरकवली.

"ह्यांना नावं?" मी विचारलं.

"ह्या बाजूच्यांना नाहीत. ओळखायला माणसं नाहीत हो. जे होते ते गेले."

"ही सगळी कपाटं?"

त्यांनी मान हलवली.

येताना मी ठरवलं होतं की सरांना काहीतरी बरं सांगायचं. पेटी घेतली, खूश झाले, लवकरच बघतो म्हणाले, असं. पण त्यांच्या दारात पोचले आणि ते माझ्या पावलांच्या आवाजाकडे चेहरा करून इतके ताठ बसलेले दिसले, की मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं. खोली, कपाटं, बाई काय म्हणाल्या ते.

सर ऐकत होते. मग विचारलं, "किती पेट्या असतील?"

"मी त्या बाईंना विचारलं, सर. त्या म्हणाल्या, कधी मोजल्या नाहीत."

बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. मी उठून पंखा लावला, उगाचच, काहीतरी करायचं म्हणून.

"न सापडलेले किती, याचा हिशेब करण्यात मी जन्म घालवला," सर म्हणाले. "आणि सापडलेलेच कुणी मोजले नाहीत गं."

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी माझ्या दिशेने हात पुढे केला, तो थोडा चुकला, मी धरला.